वजन उतरलं, कातडी राहिली

रविवार

पोहण्याच्या टँकची उन्हाळी बॅच सुरू झाली. दारातच पाटी आहे: नायलॉनचा कॉस्च्यूम हवा, बर्म्युडा चालणार नाही, आधी शॉवर मग पाणी. चारचौघांत उघड्या अंगाने मी शेवटचा उभा राहिलो असेन तो मुंजीत. त्यानंतर कोकणात समुद्रात उतरलो तेही टी-शर्ट घालून. ओला टी-शर्ट पोटाला चिकटतो आणि झाकायचं तेच जास्त दिसतं, हे कळत होतं, तरीही.

आता वजन १०४ वरून ७९ वर आलंय. शर्ट घातलेला मी बरा दिसतो, हे मलाही पटतं. शर्ट काढल्यावरची गोष्ट वेगळी. बेंबीखाली कातडीची एक घडी उरलीय. उशी बारीक झाली आणि अभ्रा तोच राहिला, तसं. सरळ उभा राहिलो तर चालून जातं, बुटाची लेस बांधायला वाकलो की ती पुढे येते. दंडाच्या आतल्या बाजूला आणि कमरेवर पांढऱ्या रेघा आहेत, उजेड तिरका पडला की चमकतात. जाड होतो तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं, कारण तेव्हा मी आरसा गळ्यापर्यंतच वापरायचो. दाढी झाली, केस बसले, की संपलं. बारीक झाल्यावर खाली बघायला लागलो आणि मग हिशेब निघाले.

शॉवरखाली शेजारी सत्तरीचे एक काका होते. त्यांचं पोट माझ्या जुन्या पोटाच्या तोडीचं. साबण लावता लावता म्हणाले, "नवीन का? पाणी गार आहे, हळूहळू उतरू नका, एकदम घुसा." माझ्या घडीकडे त्यांनी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. एवढा धीर गोळा करून गेलो होतो, त्यामुळे थोडं वाईटच वाटलं.

मंगळवार

आईकडे जेवायला गेलो होतो. ताट वाढताना मागून माझी मान बघून म्हणाली, "गेला बाई एकदाचा तो मळ."

मी सहावी-सातवीत असल्यापासून माझ्या मानेवर काळा पट्टा होता. घडीघडीचा, जाडसर, हात लावला तर मखमली. आईला तो मळच वाटायचा. रविवारी न्हाणीघरात पाटावर बसवून आधी डाळीचं पीठ, मग अर्धं लिंबू, आणि तरी नाही गेला तर टाचा घासायची वज्री. मान लालभडक व्हायची, पट्टा तिथेच. "नीट अंघोळ करत नाही कार्टा," हे मामा, मावशी, शेजारच्या काकू सगळ्यांना ऐकवून झालं होतं. मी कॉलर वर करून फिरायला शिकलो. लोकांना ती स्टाइल वाटली. लग्नाआधी सलूनवाल्यानेही त्यावर ब्लीच लावून बघितलं होतं. चुरचुरलं फार, उजळलं काही नाही.

त्याचं नाव अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स, हे मला पस्तिशीनंतर कळलं, तेही डायबेटिसच्या डॉक्टरांकडून. रक्तात इन्शुलिन सतत चढलेलं राहिलं की मान, काखा, जांघा इथल्या त्वचेच्या पेशी जोमाने वाढतात, त्वचा जाड आणि काळी होते. मळाशी काही संबंध नाही. कितीही घासा, आतून इन्शुलिन ढकलतंय तोवर पट्टा जाणार नाही. उलट घासून घासून त्वचा आणखी जाड होते. मानेवरची बारीक बारीक चामखिळंही बऱ्याचदा याच कुळातली. आमच्या गावी ती घोड्याच्या शेपटीच्या केसाने बांधून पाडायचे.

माझं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.३ होतं, आता ५.६ आहे. पट्टा कधी फिका होत गेला ते मला कळलंच नाही. मान स्वतःची स्वतःला दिसत नाही ना. सगळ्या व्यायामातून मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट ही. पोटाचे कट वगैरे नाही, मान. आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पोळी उलटत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तुला उगाच घासलं?" मग थोड्या वेळाने, "तरी पण स्वच्छता हवीच."

बुधवार

लग्नाला गेलो होतो. मावशी: "किती खराब झालास रे! शुगरबिगर निघाली का?" गालफडं बसलीत हे खरं. चाळिशीनंतर चरबी उतरताना चेहऱ्याला वगळून उतरत नाही. मधे केसही मूठमूठ जात होते, तेव्हा घाबरलो होतो. झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुतेकांचं पुन्हा भरून येतं, असं डॉक्टर म्हणाले. आलंही. मावशीला एवढं कोण सांगणार! जिलबी घेतली एक.

गुरुवार

आमचा जिमचा ट्रेनर पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरतोय. मीठ-पाण्याचं काय काय चाललंय, चिडचिडा झालाय. आज त्याने छाती, पाठ, पाय, सगळं साफ करून घेतलं होतं. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, "सर, केस असले की कट दिसत नाहीत." एवढंच कारण. त्याच्या लेखी अंगावरचे केस म्हणजे तांत्रिक अडचण, त्यात लाज नाही की शौक नाही. मला ते फार आवडलं.

मग तो रंगाविषयी बोलायला लागला. स्टेजवरचे दिवे इतके प्रखर असतात की साध्या कातडीवर स्नायूंच्या मधल्या सावल्या पुसल्या जातात, माणूस सपाट दिसतो. म्हणून डोक्यापासून घोट्यापर्यंत गडद तपकिरी रंग फासायचा, एकावर एक थर देत. वर तेलाचा हलका हात. हा मुलगा मूळचा सावळा. वर्षभर पाठीमागे लागून माझ्याकडून टॅन जाण्याच्या क्रीमची नावं विचारून घेतो. आपल्याकडे खास पुरुषांसाठी गोरेपणाचं क्रीम आलं २००५ साली, ‘फेअर अँड हँडसम’. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. नाव बदललं तरी दुकानात लोक जुन्याच नावाने मागतात. आणि ज्या एका दिवशी याचं अंग खरोखर हजार लोक टक लावून बघणार, त्या दिवशी हा स्वतःला काळा करून घेतो! मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सर, तो दिवस वेगळा."

माझं स्वतःचं म्हणाल तर मी ट्रिमरवर थांबलोय. छातीचे केस तीन नंबरच्या गार्डने, काखेतले जरा बारीक. काखेत फरक लगेच पडतो. घाम तेवढाच येतो, पण केसांत अडकून कुजत नाही, वास कमी. जांघेत गार्ड न काढता, आणि तिथला ट्रिमर दाढीला वापरायचा नाही. वस्तरा अंगाला लावत नाही. आपल्यासारख्या राठ, वळणाच्या केसांना वस्तऱ्याने टोक येतं आणि वाढताना ते परत कातडीत घुसतं. मग पुटकुळ्या, पू, काळे डाग. जिममधली निम्मी कॉलेजची पोरं त्या डागांना पिंपल समजून फेसवॉश लावत असतात.

आमच्याकडे म्हणायचे, ज्याच्या छातीवर केस नाहीत त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तीन नंबरला किती विश्वास उरतो कोण जाणे. बायकोचा प्रश्न याहून व्यवहारी: "मोरीची जाळी कोण साफ करणार?" मीच करतो. वर्तमानपत्र अंथरून बाल्कनीत करायचा प्रयत्न केला, पण समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी.

शनिवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. गेले काही दिवस मांडीच्या आतल्या बाजूला खाज होती, गोल चकंदळ, कडेला लाल. नायटाच. त्यांनी औषधाआधी प्रश्न विचारले. जिमहून आल्यावर किती वेळाने कपडे बदलता? (चहा होतो, पेपर होतो, मग.) टॉवेल वेगळा आहे का? चड्डी सुकलेली घालता की दमट? घरात आणखी कोणाला खाज आहे? एवढ्या फिटिंगच्या पँटी कशाला घालता?

फिट झाल्यावर जांघा घासायच्या थांबतात म्हणून मी निर्धास्त होतो. पण जाड असताना मी ढगळ सुती लेंग्यात असायचो आणि आता दोन तास घट्ट नायलॉनमध्ये. बुरशीला काय, ऊब आणि ओल मिळाली की झालं.

मग त्यांनी ट्यूबचा विषय काढला. "केमिस्टकडून काही लावलंय का? खरं सांगा." लावलं नव्हतं, कारण जिममधल्या एका पोराचं बघितलं होतं. त्याला गेल्या पावसाळ्यात असंच झालं. दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब. बंद केली की दुप्पट, लावली की गायब. असं महिनोन्‌महिने. शेवटी नायटा पोटापर्यंत चढला आणि मांड्यांवर बोटभर रुंद लालजांभळे ओरखडे उठले. पोरगा पहिल्यापासून काडी, जाड कधी नव्हताच, मग स्ट्रेच मार्क्स आले कुठून? डॉक्टरांनी आज उलगडा केला. तसल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टिरॉइड असतं. ते खाज आणि लाली दाबतं, वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी मोकळी पसरते. त्यातून जांघेतली त्वचा मुळात पातळ. स्टिरॉइडने ती आणखी पातळ होते आणि आतले तंतू तुटतात. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण जांघेतली खाज चारचौघांत दाखवायची नसते, म्हणून माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी काउंटरवर हळूच पुटपुटतो, आणि काउंटरवरून ट्यूब येते.

आजोबा शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत जायचे. तिथल्या मातीत हळद, ताक, तेल, कापूर घालतात, हे ते कौतुकाने सांगायचे. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात वाळवायचा, दुसऱ्याच्या लंगोटाला हात लावायचा नाही, हे मात्र दरडावून सांगायचे. मी ते शिस्तीचं खूळ समजायचो. आमच्या एसी जिममध्ये एकाच बेंचवर सकाळपासून चाळीस पाठी टेकतात आणि पुसायचं फडकं एकच असतं, तेही घामेजलेलं.

आलोच आहे तर रेघा आणि घडीचंही विचारून घेतलं. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलल्या. रेघा म्हणजे त्वचेच्या मधल्या थरातले तंतू तुटल्याच्या खुणा. लालसर असतात तोवर काही मलमांचा थोडाफार उपयोग होतो, एकदा पांढऱ्या झाल्या की नाही. लेझरने, सुयांच्या मशीनने पुसट होतात, जात नाहीत. आपल्या रंगाच्या कातडीवर लेझर बेताने मारावा लागतो, नाहीतर रेघेच्या जागी डाग. बायोऑइल, कोकम तेल, एरंडेल? "लावा की, त्वचा मऊ राहील." घडीचं म्हणाल तर वय किती, किती वर्षं जाड होता, किती किलो उतरवले, यावर ठरतं. स्नायू वाढले की थोडी भरते, उरलेली फक्त सर्जन कापू शकतो. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाक्यांचा व्रण राहतो. म्हणजे घडी द्यायची आणि रेघ घ्यायची.

रिक्षात बसून मी मनाशी वाटणी केली. जे खाजतं, दुखतं, वास मारतं त्याचं औषधपाणी मन लावून करायचं. जे नुसतंच दिसतं ते राहू दे. मानेचा पट्टा ‘नुसता दिसणारा’ होता आणि नेमका तोच आतलं खरं सांगत होता, त्यामुळे ही वाटणी फार पक्की नाही, हेही सिंहगड रोडच्या सिग्नलला लक्षात आलं. तूर्त एवढी पुरे.

डॉक्टरांनी टँक महिनाभर बंद सांगितलाय. चिडलो. पण त्या काकांना माझा नायटा कशाला?

सोमवार

ट्रेनर आला. चौथा आला. पहिल्या तिघांना बक्षीस, चौथ्याला सर्टिफिकेट. कानामागे, कोपराच्या सुरकुत्यांत, नखांच्या कडेला अजून तो तपकिरी रंग. रात्री दमून तसाच झोपला, आईची पांढरी चादर गेली कामातून. आई दोन दिवस बोलत नाहीये, आणि हा मात्र तीन आठवड्यांनी वडापाव खाल्ल्याच्या आनंदात.

माझे स्क्वॉट्स चालू असताना शेजारी उभं राहून म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी तुम्ही मास्टर्समध्ये उतरा. चाळीसच्या वरचे. तुमचे खांदे चांगले आहेत."

मी टी-शर्ट वर करून घडी दाखवली. "याचं काय करायचं?"

त्याने खाली वाकून अगदी गंभीरपणे, डोळा बारीक करून पाहिलं.

"दोन कोट जास्त लागतील, सर."