एक्स्ट्रूड केलं की पोकळ येतंय?

"ताई, हे पोकळ यायलंय की!" ओतकामासाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवणाऱ्या शॉपमध्ये नव्या ॲप्रेंटिसकडून हे वाक्य ठरलेलंच. प्रोफाइल, म्हणजे वस्तूची सपाट आउटलाइन, काढलेलं असतं, ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्ट्रूड देऊन, म्हणजे आकार वर खेचून, उंची टाकलेली असते, आणि भरीव ठोकळ्याऐवजी नुसत्या भिंती उभ्या राहतात, तळ नसलेल्या डब्यासारख्या. वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडांच्या रेघा दिसतात तेव्हा, तर तेही कळत नाही. भिंती भरून दाखवणारा कन्सेप्चुअल व्ह्यू लावला, मॉडेल फिरवून आत डोकावलं, की मग उजेड पडतो.

आमच्याकडे कोल्हापूरजवळच्या शिरोलीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, वजन याच मॉडेलवरून निघतं. सॉलिडवर, म्हणजे भरीव मॉडेलवर, मासप्रॉप ही कमांड चालवली की घनफळ मिळतं, त्याला ग्रे आयर्नची घनता, म्हणजे साधारण ७.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, लावली की वजन आलं. ३०० बाय २०० बाय २५ मिलिमीटरची साधी प्लेट घ्या: १५०० घन सेंटिमीटर, म्हणजे १०.८ किलो. सरफेसला, म्हणजे जाडी नसलेल्या नुसत्या भिंतींना, घनफळच नसतं. मग कोटेशन कशावर देणार?

२००७ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड उघड्या, म्हणजे टोकं न जुळलेल्या, आकारालाही एक्स्ट्रूड करू देतं, फक्त त्याचा सरफेस बनवतं. तक्रार करत नाही, थांबत नाही. म्हणून एक्स्ट्रूड झाल्याबरोबर वस्तू सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये वर काय लिहिलंय ते वाचायचं. 'थ्रीडी सॉलिड' असेल तर पुढे जा. 'सरफेस' असेल तर अनडू करा आणि प्रोफाइलकडे परत या.

आता बहुतेक जण इथे काय करतात, तर सगळं पुसून प्रोफाइल नव्याने काढतात. मी ते करू देत नाही. आकार उघडा आहे याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण पॅटर्न बनण्याआधी कळलेलं बरं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे गेल्या पावसाळ्यात आलेला एका मशीनचा बेस. ९४० मिलिमीटर लांब, १२० उंच, ड्रॉइंग ग्राहकानेच दिलेलं. आउटलाइन सुट्या लाइनी आणि आर्कची होती, म्हणून ती जोडायला पीएडिट कमांड, मल्टिपल, जॉइन, आणि फझ डिस्टन्स, म्हणजे जोडताना किती फट चालवून घ्यायची ते अंतर, शून्य. सगळे तुकडे जोडले गेले, तरी प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डपुढे 'नो'. ॲप्रेंटिस पोराने झूम करून करून कोपरे बघितले, काही सापडेना. त्याला म्हटलं, हॅच मार, म्हणजे आकाराच्या आत रेघा भर. आतल्या मोकळ्या जागेत क्लिक केलं की ऑटोकॅड सांगतं, बंद सीमा सापडली नाही, आणि जी टोकं जुळत नाहीत त्यांच्याभोवती लाल वर्तुळं दाखवतं. एवढी उपयोगी गोष्ट फार कमी लोक वापरतात! फक्त अख्खी आउटलाइन स्क्रीनवर दिसत असली पाहिजे, आणि एचपीगॅपटोल हे फटीचं सेटिंग शून्यावर हवं, नाहीतर हॅच छोटी फट गिळून टाकतं.

लाल वर्तुळं उजव्या वरच्या कोपऱ्यात आली. लाइनवेट, म्हणजे रेघांची जाडी, सुरू असल्यामुळे आणि डायमेन्शनची रेघ तिथूनच जात असल्यामुळे फट झाकली गेली होती. मोजली तर बरोबर २ मिलिमीटर. पोरगा लगेच म्हणाला, "फझ ३ देऊया की, जुळंल." जुळलं असतं. पण २ मिलिमीटर हा गोल आकडा होता, आणि गोल आकडा आपोआप येत नाही. कोपऱ्यावर लिहिलेलं होतं आर १२, म्हणजे रेडियस १२. आर्क सिलेक्ट केला तर रेडियस १०. डायमेन्शनचा मजकूर हाताने बदललेला होता, आडवी लाइन १२ च्या हिशोबाने कापलेली होती, आणि आर्क मात्र जुनाच राहिला होता. फोन केला, त्यांनी तपासून सांगितलं की १२ च हवाय. आर्क काढला, फिलेट, म्हणजे गोल कोपरा, १२ चा दिला, जॉइन केलं, क्लोज्ड 'येस'. फझने फट ओढून बंद केली असती तर कोपरा ना १० चा झाला असता ना १२ चा, आणि चूक थेट लाकडात उतरली असती.

म्हणून माझा नियम असा: फझ ०.१ च्या वर न्यायचं नाही. पीडीएफवरून आयात केलेल्या किंवा स्कॅनवरून गिरवलेल्या आउटलाइनीत शंभराव्या हिश्शाच्या फटी असतात, त्या खुशाल बंद करा. त्याहून मोठी फट दिसली की आधी विचारायचं.

टोकं वरून तंतोतंत जुळतात आणि तरी जॉइन होत नाही, असंही होतं. मग झेड, म्हणजे टोकाची उंची, बघायचा. एक टोक शून्यावर आणि दुसरं ०.०००३ वर असेल तर प्रॉपर्टीजमध्ये दोन्हीकडे शून्यच दिसेल, कारण युनिट्समध्ये दशांश कमी ठेवलेले असतात. दशांश ८ करा, लबाडी उघडी पडते. एक्सप्रेस टूल्समधलं फ्लॅटन सगळं एका पातळीवर आणतं. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा काढायला ओव्हरकिल ही कमांड. आणि आकार स्वतःलाच छेदतोय असा मेसेज आला तर एखाद्या फिलेटपाशी रेघ परत फिरून बारीक गाठ झालेली असते. तो एकच व्हर्टेक्स, म्हणजे रेघेचा बिंदू, शोधून काढायचा.

प्रोफाइल बंद आहे, सगळं ठीक आहे, आणि तरी एक्स्ट्रूड नकार देतंय, हा प्रकार खास आमच्या धंद्यातला. पॅटर्न वाळूतून सुटायला ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना थोडा उतार, लागतो, म्हणून एक्स्ट्रूड करताना टेपर अँगल देतो. त्याच बेसला १.५ अंश दिला होता. १२० उंचीवर १.५ अंश म्हणजे प्रत्येक बाजू वर जाईपर्यंत ३.१ मिलिमीटर आत येते. बाहेरच्या कोपऱ्याचा रेडियसही तेवढाच कमी होत जातो. १२ च्या कोपऱ्याला काही होत नाही, पण बाजूला बाहेर आलेल्या कानांना आर २ होता. तो जवळपास दोन-तृतीयांश उंचीवर संपतो, आणि पुढे आकाराला जागाच उरत नाही. अशा वेळी आउटलाइनीत कोपरे टोकदार ठेवून टेपरसह एक्स्ट्रूड करायचं आणि उभ्या कडांना नंतर फिलेटएज द्यायचं. आतल्या खिडक्या वेगळ्या एक्स्ट्रूड करायच्या, पार्टिंग लाइनपासून, म्हणजे वाळूचा साचा जिथे उघडतो तिथपासून, त्याच दिशेने, पण टेपर ऋण, म्हणजे त्या वर जाताना रुंदावतात. मग सबट्रॅक्ट, म्हणजे त्या ठोकळ्यातून वजा करायच्या. खिडकीला धन टेपर दिला तर मॉडेल छान दिसतं आणि पॅटर्न उचलताना वाळू तुटते. वाळूचा साचा करणाऱ्या मोल्डरच्या शिव्या मग ज्याने ड्रॉइंग केलं त्यालाच.

शेवटचं, श्रिंकेजचा, म्हणजे धातू थंड होताना आकसतो त्यासाठीचा, १.०१ स्केल हे सगळं झाल्यावर, पॅटर्नच्या कॉपीवर द्या. वजन मात्र मूळ मापाच्या सॉलिडवरूनच काढा, कारण १ टक्का माप वाढलं की घनफळ ३ टक्क्यांनी वाढतं. आणि डेलऑब्ज हे सेटिंग शून्यावर ठेवा, म्हणजे एक्स्ट्रूड झाल्यावरही मूळ बंद पॉलिलाइन, म्हणजे जोडलेली आउटलाइन, जागेवर राहते. त्या बेसची पुढची रिव्हिजन आली तेव्हा उंची १२० ची १३५ झाली होती, आणि आउटलाइनीला हात न लावता काम झालं.