कान झाकलेला व्हायोलिनवादक

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४१ मध्ये ‘द एनरेज्ड म्युझिशियन’ हे छापचित्र काढले. त्यातला व्हायोलिनवादक लंडनमधल्या एका घराच्या खिडकीशी उभा आहे. अंगावर उंची कपडे, डोक्यावर केसांचा टोप, आणि दोन्ही कान त्याने हातांनी घट्ट दाबून धरले आहेत. खाली रस्त्यावर एक जण ओबो हे सनईसारखे वाद्य वाजवतो आहे, तान्हे मूल घेतलेली बाई कवने गाऊन त्यांचे छापील कागद विकते आहे, धारवाल्याच्या चाकावर पाते घासले जाते आहे, एक पोरगा ढोल बडवतो आहे, घोडेस्वार शिंग फुंकतो आहे, मासेवाला ओरडतो आहे आणि छपरावर मांजरे भांडत आहेत. चित्राला आवाज नसतो हे ठाऊक असूनही मला ते फार वेळ बघवत नाही, इतका गोंगाट होगार्थने निव्वळ उघड्या तोंडांतून आणि उचललेल्या हातांतून उभा केला आहे. मध्यभागी डोक्यावर भांडे तोलत चाललेल्या दूधवालीचा चेहरा तेवढा प्रसन्न आहे.

हे चित्र पाहताना प्रतिभावंताच्या तंद्रीत जगाने घातलेला व्यत्यय एवढाच अर्थ मनात येतो. मला तो अपुरा वाटतो, कारण चित्रातल्या त्या घराच्या भिंतीवर ‘द बेगर्स ऑपेरा’ची जाहिरात चिकटवलेली आहे. जॉन गे यांचे हे नाटक १७२८ मध्ये रंगभूमीवर आले आणि इटालियन ऑपेराची टर उडवत, लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवरची गाणी गात त्याने लंडनला वेड लावले. खिडकीतला उस्ताद इटालियन ऑपेराच्या दुनियेतला आहे असे मानले जाते; म्हणजे कान झाकून तो ज्या आवाजांना नाकारतो आहे, त्यांतही संगीत आहेच. मराठीत ‘नाद’ म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे वेडही. आपल्या नादापायी दुसरा कोणताच नाद सहन न होणे, हे या माणसाचे दुखणे आहे, आणि त्यात त्याच्या प्रतिभेचा पुरावा होगार्थ कुठेही देत नाही.

याआधी, १७३५ मध्ये, त्याने ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका छापून प्रसिद्ध केली होती. बापाची संपत्ती उधळणाऱ्या टॉम रेकवेलची ही कथा. दुसऱ्या चित्रात त्याच्या दिवाणखान्यात हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे वाद्य वाजते आहे आणि छापील आवृत्तीत खुर्चीच्या पाठीवरून एक लांबलचक कागद लोंबतो आहे: फारिनेली या इटालियन ऑपेराच्या गायकाला बड्या लोकांनी दिलेल्या भेटींची यादी. तीत टॉमने दिलेली तपकिरीची सोन्याची डबीही आहे, आणि त्या डबीवर श्वापदांना संगीताने भुलवणारा ग्रीक पुराणातला ऑर्फियस कोरलेला आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. सहा वर्षांनंतरच्या चित्रात हाच ऑर्फियस उलटा होऊन खिडकीत उभा राहतो. श्वापदे शांत होत नाहीत, वादकच पिसाळतो.

मालिकेतले शेवटचे चित्र बेडलमचे, म्हणजे लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळाचे आहे. जमिनीवर अर्धनग्न टॉम पडलेला आहे. आजूबाजूला स्वतःला राजा समजणारा, पोप समजणारा, कागदाच्या नळीतून आकाश पाहणारा असे रोगी आहेत, आणि त्यांच्यातच एक माणूस संगीताची वही उघडून डोक्यावर पालथी घालून व्हायोलिन वाजवतो आहे. स्वरलिपी डोळ्यांसमोर असायला हवी. ती डोक्यावर टोपीसारखी बसली आहे. होगार्थने या वादकाभोवती दिव्य उन्मादाचे कसलेही वलय काढलेले नाही, त्याला शिंपी आणि प्रेमभंग झालेला तरुण यांच्या रांगेत बसवले आहे, आणि मला त्याचा हा निर्णय दयाळूपणाचा वाटतो.

त्या काळी हे इस्पितळ पाहायला हौशी लोक जात असत. चित्रातही रेशमी पोशाखातल्या दोन स्त्रिया आल्या आहेत. एकीने तोंडाशी पंखा धरला आहे, तो उघड्या अंगाने बसलेल्या राजामुळे. व्हायोलिनकडे कोणाचेच लक्ष नाही, आणि इथे कोणी कानही झाकलेले नाहीत.