तुम्ही विचारलंत म्हणून: धारवाड मी लावलं नव्हतं

लग्नात भेटा, खडेबाजारात भेटा, विषय तिथेच येतो. "त्या रात्री गिटारच्या अँपमधून कन्नड बातम्या तूच लावल्यास न्हवं?" आणि लगेच पुढचं, "मग प्लगची अर्थिंगची पिन तोडून का टाकत नाहीस?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाही. आता एकदा सगळं लिहूनच टाकतो.

बेळगावच्या शहापुरातल्या एका मंडळाच्या गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम होता. कडवं संपलं, तबला थांबला आणि पुढचे चार सूर मला एकट्याला वाजवायचे होते. मी अँपचा, म्हणजे गिटारचा सूर मोठा करणाऱ्या पेटीचा, आवाज वाढवला, तारांवरचा हात उचलला आणि त्या शांततेत स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आलं, "आकाशवाणी, धारवाड." पाठोपाठ बातम्या. आपल्याकडे, मराठी-कन्नड सीमावादाच्या गावात, भर मांडवात, त्याचा काय अर्थ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. मागून कुणीतरी ओरडलं, "बंद कर ते!" एका कार्यकर्त्याने येऊन बोर्डातून पिनच उपटली. मी खिशातला मोबाइल काढून दाखवायला लागलो, बघा, माझ्याकडे रेडिओ नाही. मंडळातले एक काका, ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून विसर्जन दाखवलंय, त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूच म्हणाले, "बाळ, आज तरी नको करायचं होतंस." उरलेली गाणी गिटारशिवाय झाली. मी मांडीवर गिटार घेऊन तिथेच बसून होतो. घरी आल्यावर आईनेही विचारलं, "तू लावलं न्हवतंस न्हवं?" लोकांचं मी सोसलं असतं. आईचं ते विचारणं अजून सोसत नाही.

मी काही लावायची गरजच नव्हती. धारवाडचं मध्यम लहरींवरचं केंद्र ७६५ किलोहर्ट्झचं, २०० किलोवॅटचं. बेळगावपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. केंद्राचा यात काही दोष नाही, त्याचं काम सगळीकडे पोचणं. गिटारपासून अँपपर्यंतची लांब केबल एरियल होते आणि अँपमधला पहिला ट्रान्झिस्टर डायोडसारखा (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागून लहरीतून बोलणं वेगळं काढतो. जुना क्रिस्टल रेडिओ बॅटरीशिवाय वाजायचा तो याच तत्त्वावर. पुढचे सगळे टप्पे ते बोलणं इमानेइतबारे मोठं करतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरीच तपासलं. केबल अँपमधून काढली, आवाज गेला. म्हणजे वायरिंगमधून किंवा स्पीकरच्या तारेतून येत नव्हता. केबल जोडून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी बातम्या चालूच. मग पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या गिटारवरच्या चुंबकी वेटोळ्यावर, संशय घेण्यात अर्थ नव्हता. (पिकअपची ५० हर्ट्झची घूं घूं गिटार फिरवली की कमी-जास्त होते. बातम्यांचा आवाज तसा होत नव्हता. "हंबकर (घूं घूं मारणारं दुहेरी पिकअप) बसव" म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.) आखूड केबल लावली, आवाज जवळजवळ गेला. लांब केबलच्या जॅकचं टोपण उघडलं तर आतली, बाहेरच्या लहरी अडवणारी तांब्याची जाळी तुटून विस्कटलेली, सोल्डरच्या टाक्याला जेमतेम दोन-तीन धागे धरून. मीटरवर मात्र बीप येत होती. मीटर खोटं बोलत नव्हता; त्याला डीसीपुरतं (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटपुरतं) विचारलं होतं, त्याने डीसीपुरतं उत्तर दिलं.

जाळी पुन्हा नीट सोल्डर केली. शिवाय अँपच्या इनपुटला, अगदी जॅकजवळ, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ग्राउंडला २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवला. या जोडीची मर्यादा साधारण ७२ किलोहर्ट्झवर येते, त्याच्या वरचं ती दाबत जाते. गिटारच्या आवाजाला धक्का नाही आणि ७६५ किलोहर्ट्झ सुमारे दहापट खाली.

आणि अर्थिंग? पूर्वीचा मी आधी त्यावरच अडून बसलो असतो. मांडवाची लाइन कुठून ओढलेली असते ते आपण सगळेच बघतो. तिथे अर्थिंग चांगलं असतं तर आवाज इतका स्पष्ट आला नसता, असं पूर्वीचा मी म्हणेल आणि ते मला आजही खोडून काढता येत नाही. पण पिन तोडायला मी तयार नाही. गिटारच्या तारा अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यात करंट उतरला तर बोटं तारांवर आणि ओठ माइकला असलेल्या माणसाचं काय होईल, याचा विचार "तोडून टाक" म्हणणारा करतो का? घूं घूं जाईलही कदाचित. तेवढ्यासाठी मी कुणाचा जीव पणाला लावणार नाही.

"नवा अँप घे" म्हणणाऱ्यांना इतकंच, तीच केबल नव्याला लावली तर तोही बोलू शकतो.

आणि पूर्ण मिटलंय असंही नाही. डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पायाखालचं यंत्र) पूर्ण उघडलं की अंधार पडल्यावर अजून कुणीतरी पुसट बोलतं. पेडल अ‍ॅडॅप्टरवर चालतं. तो आवाज अ‍ॅडॅप्टरच्या वायरीतून येतोय का, हे कळायला आता ते बॅटरीवर चालवून बघणार आहे. काकांना हे सगळं समोर बसून दाखवायचंय. अजून ते आलेले नाहीत.