सरका ना जरा

आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभासदांची यादी नव्याने करायची म्हणून घरोघरी एकेक पत्रक आलं. दुपारी जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झापड असताना मी ते भरायला घेतलं. कुटुंबप्रमुखाचं नाव: माझं. त्याखाली, पत्नीचं नाव. तिथे पेन टेकवलं आणि अडले. रेघ मारावी तर कुणावर रागावून मारल्यासारखी दिसते, कोरं सोडावं तर भरायचं राहून गेलंय असं वाटतं. 'लागू नाही' असं लिहिलं, ते फार सरकारी वाटलं म्हणून खोडलं. आता माझ्या पत्रकात खोडलेली बायको आहे. यादी करणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

खरं तर पत्रकाचं एवढं काही नाही. ते दहा वर्षांतून एकदा येतं. बाक दर रविवारी असतो.

19व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या पुष्कळ चर्चमध्ये बाकं चक्क भाड्याने दिली जात. घराण्याचा बाक ठरलेला, त्याचं वर्षाचं भाडं ठरलेलं, आणि फुकट बसणाऱ्यांनी मागे नाहीतर सज्जात बसायचं. ती पद्धत गेली याचा सगळ्यांना आनंद आहे. तरी कुठल्याही मंडळीत जाऊन बघा, तिसरा बाक कुणाचा आणि पाचवा कुणाचा हे लहान पोरसुद्धा सांगेल. भाडं गेलं, ताबा राहिला. अशात आई, बाबा आणि तीन मुलं असं एक कुटुंब पहिलं गीत सुरू झाल्यावर आत येतं. दाराशी उभा असलेला सेवक बाकांवरून नजर फिरवतो आणि ती नजर हमखास माझ्यावर येऊन थांबते. "ताई, सरका ना जरा." कुटुंब तोडता येत नाही, जोडपं तोडता येत नाही. मी म्हणजे सुटे पैसे. कुणाचाही हिशेब पुरा करायला मलाच पुढे सरकवतात.

म्हणून मी एक हट्ट धरलाय. बाकाच्या कडेची, मधल्या वाटेलगतची जागा माझी. कुणी आलं की मी उठून वाटेत उभी राहते, हसून त्यांना आत जाऊ देते आणि पुन्हा कडेला बसते. सरकत नाही. सेवक आता मला ओळखून आहे.

माझ्या लहानपणी अशीच कडेची जागा आमच्या संडेस्कूलच्या बाईंची असे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मोठी माणसं जशी दिसतात तशीच जन्माला आली असणार, असं त्या वयात वाटतं. बाईंकडे निळ्या फ्लॅनेलचा फळा होता आणि पाठीला कापड लावलेली चित्रं पाकिटांत भरून ठेवलेली असत. पाकिटावर लाल पेन्सिलीने 'नोहा', 'दावीद', 'पौलाचा प्रवास'. पुरुष भरपूर होते, मेंढरं तर कळपाने होती, पण बायकांची चित्रं हळूहळू हरवत गेली आणि शेवटी एकच उरली. निळ्या झग्यातली, हातात घडा धरलेली. तीच विहिरीवरची रिबका, तीच शोमरोनी बाई, तीच मार्था. घडा हाताला चिकटलेलाच असल्यामुळे पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशीसुद्धा ती बिचारी पाणी भरायला निघाल्यासारखी दिसे. पावसाळी हवेत चित्रं फळ्यावर टिकत नसत. गोष्ट ऐन रंगात आली की पेत्र सटकून खाली पडे. बाई बोलणं न थांबवता त्याला उचलत आणि अंगठ्याने छातीवर दाबून पुन्हा उभा करत. आमच्यातल्या कुणी उत्तर चुकवलं की म्हणत, "चूक. पण मोठ्याने सांगितलंस, छान."

बाहेर बायका त्यांना बिचाऱ्या म्हणत. ते मी ऐकलं होतं. त्यानंतर बरेच रविवार मी त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहिलं, पण बिचारं काही सापडेना. चर्चच्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. मला तेव्हा आयुष्यात याहून मोठं काही मिळवण्यासारखं असेल असं वाटत नव्हतं.

पुढे माझी पाळी आली. बुधवारच्या प्रार्थनासभेत विषय मागतात: कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची नोकरी. त्यात माझं लग्न कुणी आणि कधी घातलं ते मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. एका काळात माझं लग्न आणि चर्चच्या गळक्या छपराची दुरुस्ती हे विषय लागोपाठ घेतले जात. छपराचं काम झालं. माझा विषय आणखी काही वर्षं चालला आणि मग केव्हातरी गुपचूप यादीतून गेला. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा हुश्श झालं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. निदान मला विचारायचं तरी!

अविवाहितांविषयी कसं बोलावं हे बायबलमधल्या प्रेषित पौलाकडून शिकावं. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो या विषयाला हात घालतो तेव्हा आधीच सांगून टाकतो, की याबाबत प्रभूची आज्ञा माझ्याजवळ नाही, मी आपलं मत देतो. मंडळीत मतं सगळेच देतात. हे पहिलं वाक्य तेवढं गळतं. आणि तो अध्याय व्यासपीठावरून ऐकायला मिळतो तरी कुठे? स्त्रियांचा रविवार आला की नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, त्यातल्या शेवटच्या बावीस ओव्या. ती सद्गुणी स्त्री रात्र सरायच्या आत उठते, लोकर आणते, शेत बघून विकत घेते, द्राक्षमळा लावते, आणि तिचा नवरा वेशीत वडील मंडळींबरोबर बसलेला असतो. उपदेश ऐकता ऐकता मी दर वर्षी हिशेब करते: यातली बरीच कामं मीही करते, वेशीत बसणारं माणूस तेवढं नाही.

तसं पौलाचंही सगळंच मला पटतं असं नाही. अविवाहित स्त्री प्रभूच्या गोष्टींची काळजी करते, तिचं चित्त दुभंगत नाही, असा त्याचा सूर आहे. विजेचं बिल, गळका नळ आणि म्हाताऱ्या आईची औषधं या प्रभूच्या गोष्टींत धरल्या तर त्याचं म्हणणं बरोबर आहे.

मला पौल आवडतो तो फिलिप्पैकरांच्या पत्रातला. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, असं तो तिथे लिहितो. हे वचन आमच्यासारख्यांना वाढदिवसाच्या कार्डावर हमखास मिळतं, तेही सुंदर अक्षरात आणि खाली फुलं काढून. कार्डं देणारी माणसं प्रेमळच असतात. पण समाधानी माणसाला काही नको असतं, असा त्यांचा आपला समज. पौलाने ते लिहिलं बंदिवासात, आणि पुढे थोड्याच ओळींनंतर एपफ्रदीताच्या हाती तुम्ही पाठवलेलं मला पोचलं, आता अगदी भरपूर झालं, असं तो मोठ्या खुशीने कळवतो. समाधानही होतं आणि सामान आल्याचा आनंदही होता. सामान नसतं आलं तर त्याने वाट पाहिली असती की नाही? पाहिलीच असती, असं मला वाटतं. मीही पाहते कधीकधी. लग्नाचीच असं नाही. आजारपणात रात्री दुसऱ्या खोलीत कुणीतरी असावं, एवढ्याचीही.

सगळ्यात अवघड असतात उपासना संपल्यानंतरची दहा मिनिटं. उपासना चालू असते तेव्हा एकटं काही नसतं. सगळे एकाच पुस्तकातून गातात, एकाच वेळी उभे राहतात. आशीर्वाद झाला की मात्र घरोघरचे पुंजके जमतात, कुणी मुलाचा बूट शोधतं, कुणी कुणाला दुपारी घरी बोलावतं, आणि आपण हातातलं पायबल... बायबल म्हणायचं होतं, आमच्या संडेस्कूलमधलं एक पोर पायबलच म्हणतं आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. तर आपण ते पिशवीत घालायला उगाचच वेळ लावतो. या दहा मिनिटांवर मी पुष्कळ उपाय केले. शेवटी लागू पडला तो हा, की काहीतरी काम हातात घ्यायचं. गीतांची पुस्तकं गोळा करायची. पुस्तकं गोळा करणाऱ्या माणसाशी सगळे आपणहून बोलतात. पुस्तकं द्यायला थांबावंच लागतं ना.

मार्काच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात प्रभू येशूने वचन दिलंय, की माझ्यासाठी घरदार सोडणाऱ्याला याच काळी शंभरपटीने घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं आणि शेतं मिळतील, आणि त्यांबरोबर छळणूक. शेतांचं अजून काही दिसत नाही. बाकी सगळं मिळालं. आया तर खरोखर शंभर असतील. त्यांतली प्रत्येक जण मला बारीक झालीस म्हणते नाहीतर जाड झालीस म्हणते, आणि छळणूक वेगळी शोधावी लागत नाही. पण गेल्या आजारपणात माझ्या दाराची घंटा वाजवणाऱ्या त्याच होत्या, आणि एकीने तर न विचारता कपाट लावून टाकलं, त्यामुळे मला अजून काही वस्तू सापडत नाहीत. प्रभुभोजनाला पुढे जाताना आया आपली तान्ही मुलं माझ्या मांडीवर ठेवून जातात. परवा एकाने माझ्या गीतपुस्तकाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून शांतपणे चघळला. पुठ्ठा ओला झाला. त्याची आई परत आली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून एक मोठी जांभई दिली. मी लगेच परत दिला त्याला. तो हक्क आपल्याला आहे, याचं मोल आयांना विचारा.

मला खरी उत्सुकता आहे ती फिलिप्पाच्या मुलींची. प्रेषितांच्या कृत्यांत एकविसाव्या अध्यायात एक ओळ येते: कैसरियात फिलिप्प सुवार्तिकाच्या घरी पौल आणि त्याचे सोबती उतरले, आणि त्याला चार कुमारिका मुली होत्या, त्या संदेश देत असत. संपलं. पुढच्या ओळीत यहूदीयातून अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो, आणि त्याचं नाव, त्याचा अभिनय, त्याचा शब्दन् शब्द हे पुस्तक लिहिणारा लूक नोंदवून ठेवतो. घरात चार संदेष्ट्या असताना बाहेरून एक बोलवावा लागला म्हणायचा! त्या चौघींचं एकही वाक्य नाही. नावंही नाहीत. पाहुणे बरेच दिवस राहिले असं मात्र लूक आवर्जून सांगतो, म्हणजे अंथरुणं कुणी घातली ते कळलं.

चौथ्या शतकातल्या युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराने मात्र त्यांची थोडी दखल घेतलीय. आजच्या तुर्कस्तानातल्या हेरापलीचा बिशप पापियास याने फिलिप्पाच्या मुलींकडून जुन्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांतली एक मेलेला माणूस पुन्हा जिवंत झाल्याची. त्या मुलींतल्या दोघी लग्नाविना म्हाताऱ्या झाल्या आणि हेरापलीतच त्यांना पुरलं, असंही एका जुन्या पत्रात आहे. हा फिलिप्प नक्की कोणता, येशूच्या बारा शिष्यांतला प्रेषित की हा सुवार्तिक, यात त्या जुन्या लेखकांचाच घोळ आहे. असू दे. मला त्यात एवढंच दिसतं, की दोन म्हाताऱ्या बायका आहेत, समोर एक बिशप बसलाय, आणि त्याला पहिल्या पिढीत काय झालं ते या सांगताहेत. त्यांना कुणी बिचाऱ्या म्हटलं असेल का? म्हटलं असणारच.

वर गेल्यावर त्यांना गाठून विचारायचंय, अगबाने कमरपट्टा काढला तेव्हा तुम्ही एकमेकींकडे पाहिलंत की नाही ते. लग्नाचं विचारणार नाही. पुनरुत्थानानंतर लोक लग्न करत नाहीत आणि करूनही देत नाहीत, असं प्रभूने स्वतः सांगितलंय, त्यामुळे तो विषय तिथे निघायचाच नाही. इथे आहे तोवर निघतो, निघू दे. शनिवारी गायकवृंदाचा सराव आहे आणि आल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीला, आवाज कमी पडताहेत. कुणी येत असेल तर सांगा. लग्न झालेल्यासुद्धा चालतील.