वहीतली अर्धी ओळ

13 एप्रिल 2024, शनिवार, रात्र

आज जिंकलो. म्हणजे टीम जिंकली, 4-2. माझी मॅच अर्धवट राहिली.

पाच नंबरचं कोर्ट, तिसरा सेट, 4-4, 40-40, सर्व्हिस माझी. अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसमध्ये ड्यूसला, म्हणजे 40-40 ला, अ‍ॅडव्हान्टेज नसतो, एकाच पॉइंटवर गेम. सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची ते समोरचा ठरवतो. त्याने अ‍ॅड साइड (डावी बाजू) घेतली. मी चेंडू दोनदा आपटला आणि दोन नंबरवरून एकच आरडाओरडा. आमच्या ब्राझीलच्या पोराने टीमचा चौथा पॉइंट आणला होता. दुहेरीच्या तिन्ही मॅचेस मिळून एक पॉइंट, एकेरीचे सहा. कुणाचे तरी चार झाले की खेळ खलास. मी चेंडू खिशात टाकला आणि नेटपाशी जाऊन हात मिळवला. रेकॉर्डमध्ये ना जिंकलो, ना हरलो.

पहिल्या वर्षी असं झालं तेव्हा मी चक्क रुसलो होतो. सोलापुरात टेनिस म्हणजे एकट्याचं काम. पुण्याच्या स्पर्धेला आईबरोबर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, हरलो की संध्याकाळी त्याच हुतात्माने परत, आणि दौंड येईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. इथे मी खेळत असताना शेजारच्या कोर्टवरून माझ्या नावाने (म्हणजे त्यांना जमेल तशा उच्चाराने) बोंबा मारतात. पहिल्याच महिन्यात नेटला चाटून आलेली सर्व्हिस मी सवयीने हातात झेलली. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेजांचा सगळ्यात वरचा गट) लेट, म्हणजे पुन्हा सर्व्हिस, नसतो, खेळ चालू राहतो! पॉइंट गेला. सर्बियाचा पोरगा अजून त्यावरून छळतो.

आपल्या सोमदेव देववर्मनने 2007 आणि 2008, लागोपाठ दोन वर्षं, व्हर्जिनिया विद्यापीठाकडून एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची स्पर्धा) एकेरी जिंकली, हे आमच्या सरांनी बाबांना इतक्यांदा ऐकवलं होतं की अमेरिकेत गेलं की आपोआप तसंच होतं, असं बाबांना वाटायचं. पुरुषांच्या अख्ख्या टीमला मिळून तेव्हा साडेचार स्कॉलरशिप होत्या, हे मात्र फॉर्म भरताना कळलं. आम्ही नऊ जण. वाटून जे आलं ते आलं, उरलेलं बाबांचं कर्ज.

आत्ता आईला फोन केला. तिकडे रविवारची सकाळ, मागे कुकरची शिट्टी. अंडर ट्वेल्व्हपासूनचा माझा प्रत्येक स्कोर तिच्या वहीत आहे.

"जिंकलास का?"

"टीम जिंकली."

"ते कळलं रे. तुझं काय?"

सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. "एवढं चार-चार पर्यंत आणलंस आणि धरायचंच नाही? मग मी वहीत काय लिहू?"

म्हटलं, काही नको लिहूस.

"असं कसं? चार-चार, चाळीस-चाळीस लिहिते. पुढे जागा सोडते."