शिफारसपत्रात यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येऊ दे

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत एमएस (मास्टर्स) किंवा पीएचडीला यायचं ठरवलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचे सोलापूरहून फोन येऊ लागतात. "दादा, जीआरईला किती मार्क लागतात?" हाच पहिला प्रश्न. मी इथे अमेरिकेत मेकॅनिकलमध्ये पीएचडी करतोय, आणि मला मनापासून वाटतं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. 2020 नंतर इथल्या कित्येक इंजिनिअरिंग विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली किंवा बंदच केली. 2023 पासून तर ती परीक्षा जेमतेम दोन तासांची झाली आहे. तिच्यापायी अख्खं तिसरं वर्ष क्लासला देऊ नका.

त्यापेक्षा शिफारसपत्रांचं बघा. बहुतेक ठिकाणी तीन लागतात. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांच्यामागे वर्ग, पेपर तपासणी, प्रॅक्टिकल्स असतात, वेळ खरंच नसतो. पण इथे अर्ज वाचणारे स्वतः प्राध्यापक असतात आणि त्यांना आपल्या प्रयोगशाळेत काम करणारं माणूस हवं असतं. "विद्यार्थी हुशार, कष्टाळू व नम्र आहे" यातून त्यांना काहीच कळत नाही. शिवाय पत्र सरांनीच ऑनलाइन भरायचं असतं. ते पाहण्याचा हक्क सोडता का, असं अर्जात विचारतात. तो सोडा. सर मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

मग सरांनी लिहावं काय? समजा, तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर प्रोजेक्ट केलात. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा मागाचा भाग, या टोकाहून त्या टोकाला आदळताना सांगाड्याला बसणारे हादरे मोजलेत. सेन्सर कुठे चिकटवला, तो तिथे का टिकला नाही, माग चालवणाऱ्या मामांनी काय सुचवलं, त्यानंतर आकडे कसे बदलले, हे सगळं दोन पानांवर लिहून सरांच्या हातात द्या. अशा कामाचं पत्र दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. मोठ्या शहरातल्या महागड्या लॅबचं नाव आपल्यापाशी नाही म्हणून खंत करणारी मुलं भेटतात, तेव्हा जीव तुटतो. अख्खं गाव यंत्रांनी भरलंय की! उद्देशपत्रात, म्हणजे का शिकायचंय हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या लेखातही, हेच लिहा. लहानपणापासून यंत्रांची आवड होती, हे सोडून द्या.

पैशांचं थोडक्यात सांगतो. एमएस बहुधा स्वतःच्या खर्चाने, म्हणजे कर्ज काढून. पीएचडीला मात्र बीईनंतर थेट अर्ज करता येतो, हे आपल्याकडे अजून फार थोड्या घरांत माहीत आहे. इंजिनिअरिंगमध्ये निवड झाली की सहसा फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल महिन्याला विद्यावेतन मिळतं. पण पाचेक वर्षं एकाच प्रश्नामागे लागायची तयारी हवी. नुसती फी वाचते म्हणून येऊ नका. 2025 मध्ये सरकारी संशोधन निधीला कात्री लागल्यावर अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, म्हणून एमएस आणि पीएचडी दोन्हींना अर्ज ठेवा.

बऱ्याच मुदती डिसेंबरात संपतात. सरांना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठा. आणि विद्यावेतनासह प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाने लगेच होकार मागितला, तर ते विद्यापीठांच्या आपसातल्या 15 एप्रिलच्या सामायिक करारात आहे का ते पाहा. असेल तर त्या तारखेपर्यंत विचार करायचा तुम्हाला हक्क आहे.