आतोबांच्या तबकड्या पुन्हा बोलत्या करताना

कापूस काळा झाला तेव्हा मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांची धूळ निघतेय असं समजून मी कापसावर आणखी थोडं स्पिरिट ओतलं आणि तबकडी कडेपासून आत गोल गोल पुसत आलो. बोटभर रुंदीचा पट्टा झाल्यावर उजेडात धरून पाहिलं, तर पुसलेल्या भागाची चकाकी गेलेली. बोट लावलं तर चिकट. आत्या मागेच उभी होती. म्हणाली, "अरे, ती लाखेची आहे. लाखेला स्पिरिट लावतात का?"

हिराबाई बडोदेकरांची तबकडी होती ती. ७८ च्या वेगाच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसतात. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं मिश्रण असतं ते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराकडे फर्निचरला पॉलिश करताना बघितलेलंच असतं आपण. मी मात्र एका व्हिडिओत परदेशातला कुणी विनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची, एलपी स्पिरिटने पुसताना पाहिला होता आणि तेच इथे केलं. त्या रात्री झोप लागली नाही.

या तबकड्या माझ्या आतोबांच्या. सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानात ते दिवाणजी होते. दुकानाच्या कामासाठी वर्षातून दोन-तीनदा मुंबईला जायचे आणि येताना रेकॉर्ड घेऊन यायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आत्याच्या घरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. माडीवरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका राहिल्या. पण ओल वर चढली होती. थंडीत ट्रंका उघडल्या तर कागदी पाकिटं एकमेकांना चिकटलेली आणि तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके. मोजल्या तर १६३ भरल्या. त्यातल्या ९२ लाखेच्या, बाकी एलपी आणि छोट्या ४५ च्या ईपी. आत्या म्हणाली, "टाकायच्या असतील तर मला न सांगता टाक." मी त्या टाकणार नव्हतो.

ट्रंकेच्या तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची वही सापडली. आतोबांनी ती रोजकीर्दीसारखीच लिहिली होती. तारीख, कुठे घेतली, काय पडलं, आणि शेवटचा रकाना 'ऐकली'. त्यात आकडे नव्हते, चार-पाच शब्द असायचे. लोर्ना या गोव्याच्या गायिकेच्या कोंकणी ईपीपुढे लिहिलं होतं, 'भाषा अर्धी कळली. ट्रम्पेट फार गोड.' ख्रिस पेरींच्या बँडबरोबरची ती तबकडी त्यांनी १९७० च्या दशकात घेतली होती. हळदीच्या पोत्यांचा हिशेब लिहिणारा माणूस ट्रम्पेटबद्दल लिहितो हे वाचून मी वही मिटून बराच वेळ तसाच बसलो. सगळ्या १६३ तबकड्या एकेक करून ऐकायच्या, हे तिथे ठरलं.

हिराबाईंच्या तबकडीनंतर मी धुण्याची पद्धत बदलली. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, त्यात लहान बाळांच्या शाम्पूचे दोन थेंब, आणि मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश. लेबलवर वाटी उपडी घट्ट धरायची, कारण लेबलचा कागद भिजला की शाई पसरते. ब्रश नेहमी खाचेच्या दिशेने, गोल. आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने टिपायचं आणि ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवायची. बुरशी दोन-तीन धुण्यांत गेली. जिथे तिने आतून खाल्लं होतं तिथे खडखड कायमची राहिली. एका दिवसात आठच्या वर कधी झाल्या नाहीत, कारण पाठ भरून यायची.

प्लेअरचा प्रश्न मोठा होता. सुटकेससारखा बंद होणारा जुना प्लेअर, तीन वेगांचा. पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने तीन महिने ठेवून घेतला आणि "पार्ट मिळत नाहीत" म्हणून परत दिला, त्यातही दोन स्क्रू कमी. राग आला, पण त्याच रागात मी तो स्वतः उघडला. आतली रचना बघितल्यावर भीती गेली. मोटर, तिच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची छोटी पुली, आणि पुली व थाळी यांच्यामध्ये दाबून बसणारं रबराचं चाक, ज्याला मेकॅनिक आयडलर म्हणतात. पुलीच्या ज्या पायरीला हे चाक टेकेल तो वेग मिळतो. माझ्या प्लेअरमध्ये चाकाचं रबर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि घसरत होतं. जुनं ग्रीस सुकून गुळाच्या काकवीसारखं घट्ट. रॉकेलने ते सोडवलं, शिलाई मशीनचं तेल दिलं, चाकाच्या कडेवरून अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवला.

थाळी फिरली, पण ७८ वर गाणारा माणूस झोपेत गातोय असं वाटायचं. वेग शंभरात सहाने कमी झाला की सूर अर्धा स्वर उतरतो. पेटीवरच्या पांढरी दोनमध्ये गाणारा काळी एकमध्ये ऐकू येतो, आणि आवाजाचा पोतही बदलतो. वेग मोजायची एक जुनी युक्ती आहे. कागदाची चकती करायची, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखायच्या. ७८ साठी ७७ पट्ट्या, एलपीच्या ३३⅓ साठी १८०. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात पट्ट्या जागच्या जागी स्थिर दिसतात. आधी मी एलईडी दिव्याखाली पाहत होतो आणि नुसता करडा धूसर पट्टा दिसत होता, कारण तो दिवा तसा लुकलुकतच नव्हता. शेवटी स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबखाली प्लेअर नेला. पट्ट्या मागे मागे सरकत होत्या. तेल मुरायला अर्धा तास थाळी नुसती फिरत ठेवली. पट्ट्यांचं सरकणं हळू झालं, मग आणखी हळू, आणि मग थांबलं. आत्या पोळ्या लाटायची थांबून ते बघत होती.

पिनबद्दल एक सांगायलाच हवं, कारण इथे पुष्कळ लोक तबकड्या खराब करतात. ७८ ची खाच रुंद असते, एलपीची तिच्यापेक्षा फारच बारीक. एलपीची पिन ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर येते. उलट केलं तर एलपी कायमची जाते. माझ्या प्लेअरला उलटता येणारी दुहेरी पिन आहे, एका बाजूला ७८ ची, दुसऱ्या बाजूला एलपीची. दोन्ही टोकं नवी मागवली. पिनचा आर्म ठेवण्याआधी कुठली बाजू खाली आहे ते मी आजही दोनदा पाहतो.

पहिली नीट वाजवलेली तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची, ओडियन कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांपैकी. मिरजेत ते स्थायिक झाले होते. १९३७ साली त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात आजही गाणं होतं. म्हणून प्लेअर घेऊन मी मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीतल्या ओळखीच्या काकांकडे. पहिली बाजू त्यांनी डोळे मिटून ऐकली. तीन मिनिटांत संपली. मग त्यांनी भिंतीवरचा तंबोरा काढला आणि मला पुन्हा लावायला सांगितलं. मी विचारलं, "काका, वेग बरोबर आहे ना? तुमच्या तंबोऱ्याशी जुळतोय का?" ते म्हणाले, "तबकडीला कशाला जुळवायचं? तंबोरा तिच्याशी लावतो." खुंट्या पिळत, जवारीचा दोरा सरकवत त्यांनी षड्ज मिळवला. तिसऱ्यांदा लावली तेव्हा खोलीत तंबोरा आजचा होता आणि गळा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा. खरखर होती, पण ती ऐकू येणं बंद झालं.

त्यानंतर आठ महिने जमेल त्या रात्री एक-दोन तबकड्या. वहीच्या क्रमाने ऐकायचं ठरवल्यामुळे नाट्यसंगीतानंतर एकदम लावणी यायची, लावणीनंतर गजाननराव वाटव्यांचं भावगीत, मग सतार, मग कुठल्याशा गोव्याच्या वादकाचा जॅझ. पहिल्यांदा हे धेडगुजरी वाटलं. मग कान तयार झाले. चिक चॉकलेटसारखे ट्रम्पेटवाले रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोवेकर त्याच वाद्यवृंदांना घडवत होते. आतोबांच्या वहीत हे सगळे शेजारी-शेजारी आहेत, एकाच हस्ताक्षरात. पोलिडोर कंपनीची 'शोले'ची संवादांची एलपीसुद्धा आहे, तिच्यापुढच्या रकान्यात फक्त 'मुलांसाठी'.

वहीत असलेली एक तबकडी ट्रंकेत नव्हती. 'यंग इंडिया'ची. १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही देशी कंपनी १९५५ च्या सुमारास बंद पडली. त्या तबकडीसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारमागून रविवार घालवले, मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटलाही दोनदा गेलो. तिथे शिकलो ते हे की तबकडी उन्हात तिरकी धरायची, मग ओरखडे आपोआप दिसतात. लाखेची असेल तर कडेला नखाने टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. हवी ती अजून मिळालेली नाही. त्याच लेबलची दुसरी एक दोनशे रुपयांत मिळाली.

हिराबाईंची तबकडी मी सर्वांत शेवटी ठेवली होती. लावायचं धाडस होत नव्हतं. गेल्या महिन्यात आत्यानेच ती काढून दिली. मी पिन कडेला न ठेवता बोटभर आत, चकाकी सुरू होते तिथे ठेवू लागलो, म्हणजे पहिलं पाऊण मिनिट सोडून. आत्याने माझा हात धरला. "थांब," म्हणाली. मग तिने स्वतः तो मुखडा गायला, ब्याऐंशी वर्षांच्या आवाजात, हलक्या आवाजात, एक जागा दोनदा घेत. पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी तिने मान हलवून खूण केली आणि मी पिन टेकवली. दोघींचा सूर एक नव्हता. पण पुढचं सगळं होतं, शेवटच्या आलापापर्यंत. मग तिने वही ओढून घेतली, 'ऐकली'च्या रकान्यात तारीख घातली आणि मला दुसरी बाजू लावायला सांगितली.